कोरा फ्लॅश

छावणीतल्या प्रज्ञा फोटो स्टुडिओची पाटी अजून जागेवर आहे, पण दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. पुढची जागा कडुबा साळव्यांनी भाड्यानं दिली. मागची अंधारी खोली मात्र त्यांनी कुणाला देऊ केली नाही. "घराला न्हाणी असती ना, तशी मला ही डार्करूम," असं ते म्हणायचे. त्यावर त्यांच्या पत्नी, आवडाबाई, म्हणायच्या की न्हाणीत गेलेला माणूस दहा मिनिटांत बाहेर तरी येतो.

खरं सांगायचं तर दहा-बारा वर्षं त्या खोलीत उंदरांशिवाय कुणी फिरकलं नव्हतं. मग तीन वर्षांपूर्वी अभय नावाचा एक इंजिनियर गळ्यात जुना कॅमेरा अडकवून आला आणि म्हणाला, "अंकल, ब्लॅक अँड व्हाइट रोल धुऊन मिळेल का?" कडुबांना वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. तो खरंच विचारतोय हे कळल्यावर त्यांना स्टुलावर बसावंच लागलं. अभयच्या मागोमाग श्रेया आली. ती कॉलेजात शिकवते आणि वडिलांच्या कॅमेऱ्यावर काम करते. मग आणखी दोघं-तिघं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सगळे त्या खोलीत जमतात, दोरीला चिमट्यानं फोटो टांगतात आणि तासन्‌तास बोलतात. त्यांनी स्वतःला नाव दिलंय हायपो मंडळ. हायपो म्हणजे फोटो पक्का करणारं ते आंबूस वासाचं औषध. मंडळातल्या कुणीही फोटो आणला, की कडुबा तो आधी नाकाला लावतात, मग डोळ्याला. वास आला की परत पाण्यात. "नीट धुतला नाय तर पाच वर्षांत पिवळा पडंल," असं ते बजावतात, आणि पोरं निमूटपणे नळापाशी जातात.

माणसाचं कसब जगानं भंगारात काढलं की हातांना करमत नाही. कडुबांचे हात असे कितीतरी वर्षं मांडीवर पडून होते. आता त्यांना परत काम लागलं होतं, आणि कामापेक्षाही गोड म्हणजे ऐकणारे कान मिळाले होते. छावणीचा गुरुवारचा बाजार, त्या दिवशी स्टुडिओत होणारी गर्दी, घरी पाठवायला फोटो काढून घेणारे जवान, मागच्या पडद्यावर रंगवलेलं कमळांचं तळं. कोणता जवान काय म्हणाला, कोणत्या नवरीनं चष्मा काढायला नकार दिला, सगळं सगळं ते सांगायचे. कधी कधी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायचे. पोरं तिसऱ्यांदाही हसायची. ह्याला माया नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

त्या रविवारी श्रेयानं एक नवीन बाई आणली. मोनाली, बिडकीनच्या शाळेत शिक्षिका, तिशीची असेल. तिच्याकडं कॅमेरा नव्हता. "मंडळाचे फोटो मोबाइलवर बघते मी. मला एक विचारायचंय, पण आधी तुमचं होऊ द्या," असं म्हणून ती कोपऱ्यात बसली. हातात चारदा घडी घातलेला एक कागद होता.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष अभयच्या रडवेल्या तोंडाकडं होतं. तो आदल्या आठवड्यात पहाटे उठून वेरूळला गेला होता. लेण्यात ऊन आत शिरतं ती वेळ साधून, श्वास रोखून त्यानं छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. रोल धुतला, तर काचेसारखा स्वच्छ! एक रेघ नाही.

"औषधच खराब असणार," तो म्हणाला.

कडुबांनी रोल ट्यूबलाइटसमोर धरला. "औषधावर खापर फोडू नको. कडंचे आकडे बघ कसे ठणठणीत उमटलेत. औषध बराबर हाय. तुझा रोलच कॅमेऱ्यातल्या चाकाच्या दातावर चढला नव्हता. पुढं सरकवताना डावीकडची चकरी फिरत व्हती का?"

अभय कॅमेऱ्याची डावी चकरी फिरवून बघायला लागला.

"नाय ना बघितलं? म्हंजी रोल बसला डबीत, आन तू फिरला लेण्यात. छत्तीस वेळा खटखट केलं, कॅमेऱ्यानं कायच बघितलं नाय."

खोलीत हशा पिकला. अभयही हसला, पण त्याचा चेहरा काही उजळेना. तेव्हा कडुबांना त्याची कीव आली, आणि ते त्याची समजूत घालायला बसले. पुढचं सगळं रामायण त्या समजुतीतून झालं.

"अरे, तू चुकून कोरे फोटो काढले. आम्ही तर ठरवून काढायचो!"

"म्हणजे?" श्रेयानं विचारलं.

"कोरा फ्लॅश! आता बघा, लगनात माणसं पाचशे आन रोल दोन. नवरदेवाचा बाप आधीच सांगायचा, दोनाच्या वर एक बी नाय. पण इकडं मामाला फोटो पायजे, मावशीला पायजे, मावशीच्या जावेला पायजे. नाय म्हनलं की रुसवा. मंग आम्ही काय करायचो? कॅमेरा डोळ्याला लावायचा, म्हणायचं, जरा हसा, आन फ्लॅशच्या मागं तपासायचं बटन असतं ना, ते अंगठ्यानं दाबायचं. भक्कन लाईट! माणूस खूश. रोल आपला जागच्या जागी." कडुबांनी अंगठा हवेत दाबून दाखवला. "अल्बममधी फोटो दिसला नाय की सांगायचं, रोलला हवा लागली. कुनाला काय कळतंय?"

पोरं लोटपोट झाली. एकानं तर खुर्चीवर उभं राहून कोऱ्या फ्लॅशसमोर मिरवणाऱ्या मावशीची नक्कल केली. जुन्या काळाचा असा एखादा खोडकर किस्सा निघाला की कडुबांना पंचविशीतल्यासारखं वाटायचं. ते रंगात येऊन आणखी सांगणार, एवढ्यात त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. मोनाली हसत नव्हती. तिनं हातातला कागद हळूच पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.

"तुम्ही काय विचारणार व्हत्या, ताई?"

"काही नाही, सर. राहू द्या."

"राहू द्या कसं? एवढ्या लांबून आल्या तुम्ही."

मोनालीनं श्रेयाकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "माझी आजी आहे, पारूबाई. तिला एक मुलगी होती, रूपाली. माझी आत्या. एकोणनव्वदच्या मे महिन्यात आमच्या गल्लीत लग्न होतं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. छावणीच्या फोटोवाल्यानं आजीचा आणि तिचा फोटो काढला. दिवाळीच्या आधी आत्या काविळीनं गेली. तिचा दुसरा एकही फोटो नाही. आजोबांनी तेव्हा अल्बम पाहिला, त्यात तो नव्हता. पण आजी म्हणते, अल्बममध्ये लावला नसेल, फोटोवाल्याकडं असणार. लाईट पडली होती, मी स्वतः बघितली." तिनं पर्सची चेन चाचपली. "लग्न कांबळ्यांचं होतं. फोटोवाल्याचं नाव कडुबा. तेच विचारायला आले होते."

खुर्चीवर चढलेला गडी सावकाश खाली उतरला.

कडुबा स्टुलावरून उठले. "बघतो मी," ते म्हणाले. "निगेटिव्ह सगळ्या हायत माझ्याकडं. सगळेच काय कोरे मारत नव्हतो."

ते शेवटचं वाक्य त्यांनी मोनालीला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

घरी पलंगाखाली पत्र्याच्या दोन पेट्या होत्या. लग्नाच्या प्रत्येक रोलच्या पट्ट्या कापून, बटर पेपरात गुंडाळून, वर गाव आणि तारीख घालायचं काम त्या काळी आवडाबाई करायच्या. बिडकीन, कांबळे, मे ८९. दोन पाकिटं अर्ध्या तासात सापडली. कडुबांनी खिडकीच्या काचेला पांढरा कागद चिकटवला, भिंग घेतलं आणि एकेक चौकट बघायला लागले.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते गोरं, गोरं ते काळं. पण ज्यानं आयुष्य त्यात घातलं त्याला माणसं बरोबर दिसतात. शुभ्र कपड्यांतले नवरा-नवरी काळे दिसत होते. टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढं मेणबत्त्या. पंचशील म्हणताना जोडलेले हात. नवरदेवाचा बाप पाच फोटोंत, फेट्यासकट. जेवणाच्या पंगती. बँडवाला. किती चांगलं काम करत होतो आपण, असं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली. पहिल्या रोलला छत्तीस, दुसऱ्याला सदतीस. एकही चौकट वाया गेलेली नव्हती, एकही गहाळ नव्हती. आणि कुठंही, मागं, कडेला, पंगतीतसुद्धा, आईजवळ उभी असलेली नऊ वर्षांची मुलगी नव्हती.

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. तो मांडव आठवला, उकाडा आठवला, मठ्ठ्यात बर्फ घातला होता तेही आठवलं. मुलगी आठवेना. तिथंच त्यांना खरं लागलं. हजारो लोकांना त्यांनी हसा म्हटलं होतं, त्यांतली ही एक, आणि तिचा त्यांच्याजवळ कणसुद्धा नव्हता. सकाळी ज्या किश्श्यावर सगळी खोली हसली, तो किस्सा म्हणजे ही मुलगी होती.

संध्याकाळी अभयचा फोन आला. त्याला राहवलं नव्हतं. "सर, मिळाला?"

"नाय."

"मग एक आयडिया आहे. मोनालीचा लहानपणीचा फोटो घेऊ, आजीच्या चेहऱ्याशी जुळवू, एआयवर दहा मिनिटांत बनतो. जुन्या फोटोसारखे डागसुद्धा टाकता येतात. आजी खूश होईल. उसमें गलत क्या है?"

अभयच्या मनात पाप नव्हतं, हे कडुबांना कळत होतं. त्यांच्या मनात तरी तेव्हा कुठं होतं?

"नको, अभय," ते म्हणाले. "एकदा फसवलंय तिला. परत नको."

आवडाबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या. "मंग काय सांगणार हाय तिला?"

"मोनालीला फोन करून सांगतो, नाय सापडला म्हणून."

"नाय सापडला, का नाय काढला?" आवडाबाईंनी तव्यावर भाकरी टाकली. "खोटं बोलायचं असंल तर फोनवर भागंल. खरं बोलायला बिडकीनला जावं लागंल."

इतक्या वर्षांच्या संसारात आवडाबाई फार थोड्या वेळा चुकल्या होत्या, हे कडुबांचं दुखणंच होतं. मंगळवारी ते बसमध्ये बसले. पिशवीत एकच वस्तू घेतली होती, जुना फ्लॅश, नवे सेल घालून.

फोटोवाले येणार, यापलीकडं मोनालीनं आजीला काहीच सांगितलं नव्हतं. "तुमचं तुम्ही सांगा, सर," एवढंच ती दारात म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण नरमाईही नव्हती.

पारूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, हाडानं बारीक, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. कडुबांना बघताच त्या उठायलाच लागल्या.

"जय भीम! आलाव का फोटोवाले? मी म्हनतच व्हते, एक दिवस येत्याल. मोना, च्या ठिव गं! ह्यांना खुर्ची दे."

"जय भीम, अक्का. बसा तुम्ही."

"सापडला का वो?" त्यांनी दोन्ही हात पुढं केले, ओंजळीसारखे. त्या ओंजळीकडं बघवेना.

"अक्का, फोटो नाय."

"हरवला?"

"हरवला नाय. काढलाच नव्हता मी."

पारूबाई हसल्या. म्हाताऱ्या माणसाला काही आठवत नाही असं समजून पोरंसोरं बोलतात, त्याला हसतात तशा. "अवो, असं कसं? लाईट पडली व्हती की! भक्कन! माझ्या डोळ्याला अंधारी आली. आता बी आठवतंय मला."

कडुबांनी पिशवीतून फ्लॅश काढला. खटका सरकवला. आत बारीक शिट्टीसारखा आवाज चढत गेला आणि लाल दिवा लागला. कॅमेरा नव्हता, काही नव्हतं, हातात नुसता तो काळा डबा. त्यांनी अंगठ्यानं बटन दाबलं.

खोली पांढरी झाली. पारूबाईंच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या क्षणभर दिसल्या आणि विझल्या.

त्यांनी हात लांबवून तो डबा चाचपून बघितला. "म्हंजी नुसता उजेड?" त्यांनी विचारलं.

"नुसता उजेड. रोल वाचवायला असं करत व्हतो आम्ही. लई जणांना केलं. तुम्हाला बी केलं."

मोनाली चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. कडुबांना वाटलं, पारूबाई शिव्या देतील. शिव्या चालल्या असत्या, शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. पण त्या बोलल्या ते भलतंच.

"ती हालली नव्हती वो," त्या म्हणाल्या. "लई चुळबुळी पोरगी. एका जागी ठरत नसायची. मी म्हनलं, रूपे, हालू नको, फोटो हालतो. तर तिनं दम धरला. पार गाल फुगवून. तुमची लाईट पडली, तरी सोडंना. मी म्हनलं, सोड गं, झाला फोटो. तवा सोडला." त्यांचा आवाज फाटला. "कशाला धरायला लावला मी तिला दम? कशासाठी?"

कडुबांची मान खाली गेली. सत्तर वर्षांच्या त्या माणसाला लहान पोरासारखं रडू आलं आणि त्यांनी ते दाबलं नाही. आई म्हणून ती बाई जळत होती, आणि तिला जाळणारी काडी आपण टाकली, पस्तीस वर्षांपूर्वी, अंगठ्याच्या एका दाबानं, आणि वर त्याची गंमत करून सांगत आलो. चुकलो, असं ते म्हणाले, दोनदा म्हणाले. पारूबाईंनी त्यांना माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि का म्हणावं?

चहा निवत चालला होता. मग पारूबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि एकदम पुढं वाकल्या.

"फोटो नाय काढला ते जाऊं द्या. पण तुमी त्या काचंतनं बघितलं तर असंल ना आमच्याकडं? डोळा लावला व्हता तुमी. कशी दिसत व्हती वो ती?"

हे कडुबांच्या ध्यानीमनी नव्हतं. उत्तर मात्र लगेच ओठांवर आलं, आयतं, वर्षानुवर्षांच्या सवयीचं. लई गोड दिसत व्हती, अक्का. एवढंच म्हणायचं होतं. बाई खूश झाली असती, मोनालीनंही मनातून आभार मानले असते. अंगठा बटनावर होताच.

"नाय, अक्का," ते म्हणाले. "कोऱ्या फ्लॅशला डोळा नुसता दाखवायला लावायचो. ध्यान दुसरीकडंच असायचं. मी बघितलं नाय तिला. खरंच नाय बघितलं."

पारूबाईंनी डोळे मिटून घेतले. मोनालीनं ट्रे खाली ठेवला. आता उठावं, बस पकडावी, असं कडुबांच्या मनात आलं, पण ते बसूनच राहिले. तोंड दाखवायला जागा नसलेला माणूस जातो कुठं? आणि मग, काय झालं त्यांना कुणास ठाऊक, त्यांनी तो प्रश्न विचारला जो स्टुडिओत रोज विचारायचे, पण त्या लग्नात विचारायचा राहिला होता.

"अक्का, ती तुमच्या कोणत्या अंगाला उभी व्हती?"

पारूबाईंनी डोळे उघडले. "डाव्या."

"हात कुठं व्हता तिचा?"

"माझ्या पदराला. असा." त्यांनी स्वतःच्या पदराचं टोक मुठीत धरून दाखवलं. "पिवळा फराक व्हता. मागची दोन बटनं तुटली व्हती, म्हनून पिन लावली व्हती मी. तिला पिन टोचत व्हती, पण बोलली नाय. समोरचा एक दात पडला व्हता, म्हनून तोंड उघडना."

"उंची?"

"माझ्या कोपरापर्यंत." त्यांनी कोपर वाकवून हवेत तळवा धरला आणि तो तिथंच ठेवला, जणू खाली डोकं होतं. "नाय, जरा वर. हितपर्यंत."

मोनाली जमिनीवर बसली होती. "आजी, पिनेचं तू मला कधी सांगितलं नाहीस. दाताचंपण नाही."

"कशाला सांगू?" पारूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, फोटोत दिसंलच की."

कडुबांनी खुर्ची आणखी पुढं ओढली, इतकी की दोघांचे गुडघे लागले. "केसांचं सांगा," ते म्हणाले.